हौशी वाघ दुपारी झोपतो

"पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी करू नका," म्हणत आजोबांनी तिन्ही नातवंडांना घरात घेतलं, डोकी मोजली, मागे कोणी राहिलं नाही ना ते वाकून पाहिलं आणि मगच दार लावलं. आजोबा एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती, पण सवय काही सुटली नव्हती. सोफ्यावर माणसं जास्त झाली की ते अजूनही म्हणायचे, "मागून रिकामी गाडी येतेय, तिने या."

"सामान राहू दे," ते म्हणाले. "आधी इकडे या. माझी एका वाघाशी जुंपलीय."

नातवंडं लगेच टेबलाशी धावली. सगळ्यात पुढे भिंगरी. ती बारा वर्षांची, एका जागी न बसणारी आणि दिसेल ते वहीत टिपून ठेवणारी. तिच्यामागे तिचा मामेभाऊ पंडित. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असायचं आणि त्यातली निम्मी बरोबरही यायची. आणि दोघांच्या काखेतून डोकं खुपसून भिंगरीचा सात वर्षांचा भाऊ बटण. दिसेल ते बटण दाबायचं, हा त्याचा एककलमी कार्यक्रम. लिफ्ट, शेजाऱ्यांची बेल, मिक्सर असं काहीही त्याला चालायचं. गेल्या महिन्यात त्याने बँकेतली धोक्याची घंटा दाबली होती आणि त्याच्या वडिलांना तिथे दोन तास बसून राहावं लागलं होतं.

साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या टॅबलेटवर एका लोखंडी चिमट्याचा फोटो होता.

"ओळखलंत का?" आजोबांनी विचारलं.

"पक्कड," पंडित म्हणाला.

"पक्कड तुझ्या डोक्यात! माझा पंच आहे तो."

तिकिटाला भोक पाडायचा पंच. आजोबांच्या बस कंपनीत प्रत्येक कंडक्टरच्या पंचाचं भोक वेगळ्या आकाराचं असे. कोणाची चांदणी, कोणाचा बदाम. तिकीट कोणी दिलं ते भोकावरून कळायचं, आणि प्रवाशाला कुठे उतरायचंय ते तिकिटावर छापलेल्या कुठल्या थांब्यावर भोक पाडलंय त्यावरून. आजोबांचं भोक अर्धचंद्राचं होतं. एकदा पंच बसच्या पायरीवरून खाली आपटला, तेव्हापासून त्या चंद्राच्या पोटात एक बारीक खाचही पडली होती. मुठीवर आकडा कोरलेला होता, ४१. निवृत्तीच्या दिवशी तो पंच कंपनीत जमा करावा लागला आणि त्यानंतर दोन दिवस आजोबा कोणाशी बोलले नव्हते. अजूनही पेपर वाचताना त्यांचा उजवा अंगठा आपोआप दाबल्यासारखा हलायचा. पुढे कंपनी बंद पडली, जुनं सामान विकलं गेलं, आणि आता तो पंच फिरत फिरत इंटरनेटवरच्या लिलावात येऊन पडला होता. तो आजोबांना परत हवा होता. या सुट्टीत त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"तीनशेपासून सुरुवात केली मी," ते म्हणाले. "दोन दिवस सगळं शांत होतं. आणि मग हा उपटला."

पडद्यावर बोली लावणाऱ्यांची यादी होती. एक नाव 'कंडक्टर ४१', म्हणजे आजोबा. दुसरं नाव 'हौशी वाघ'. कंडक्टर, वाघ, कंडक्टर, वाघ, अशी वरपर्यंत चढाओढ लागली होती. आजोबांनी एकोणीसशेची बोली लावली. तीन मिनिटांत वाघाचे दोन हजार आले.

"बघितलंत? जरा दम खाऊ देत नाही."

"मर्यादा लक्षात आहे ना?" खिडकीपाशी पुस्तक वाचत बसलेली आजी म्हणाली. "तीन हजार. त्याच्यावर एक पैसा नाही." आजी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. तिचा आवाज इतका गोड होता की ती रागावली आहे हे समोरच्याला उशिरा कळायचं. तिने पुस्तकात खूण म्हणून एक जुनं पिवळं तिकीट घातलं, अर्धचंद्राचं भोक असलेलं. "एकतीस वर्षांत तुमच्या आजोबांच्या हातून एकच चूक झाली, आणि तीही माझ्या तिकिटावर. मला उतरायचं होतं टेलिफोन ऑफिसला, चौथ्या थांब्यावर. यांनी भोक पाडलं शेवटच्या थांब्याला."

"गर्दी होती गं," आजोबा टॅबलेटमधून डोकं न काढता म्हणाले. "होतं कधीकधी."

बटणाचं बोट एव्हाना पडद्यावरच्या हिरव्या बटणाकडे निघालं होतं. भिंगरीने ते हवेतच पकडलं.

"दाबायचं नाही. एकदा दाबलं की शंभर वाढतात आणि बोली मागे घेता येत नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला लिलाव संपेपर्यंत तू एकही बटण दाबायचं नाहीस. शपथ घे."

"शर्टाचं पण नाही?"

"शर्टाचं लाव."

बटणाने अतिशय दुःखी चेहऱ्याने शपथ घेतली.

रात्री जेवण झाल्यावर भिंगरीने यादीतल्या वेळा वहीत उतरवून काढल्या, आणि गुरुवारी सकाळी ती वही पंडितच्या नाकासमोर नाचवत आली. "हे बघ. आजोबांनी बोली लावली की वाघ दोन-तीन मिनिटांत येतो. सकाळी येतो, संध्याकाळी येतो. पण सोमवारी आजोबांनी दुपारी सव्वाला बोली लावली, वाघ आला चार वाजून दोन मिनिटांनी. मंगळवारी अडीचला लावली, वाघ आला चार वाजून एक मिनिटाने."

"सोपं आहे," पंडित म्हणाला. "तो परदेशात राहतो. आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिथे रात्र असते."

"तीन तासांची रात्र?"

पंडित नकाशा पाहायला हवा असं काहीतरी पुटपुटला.

त्या दिवशी आजोबांनी मुद्दाम दीड वाजता बोली लावली, एकवीसशे. दोन वाजले तरी वाघाचा पत्ता नव्हता. आजोबा खूश झाले, पण भिंगरी काही खूश झाली नाही. लिलावाच्या पानावर खाली विक्रेत्याचं नाव होतं, 'जुन्या वस्तूंचं भांडार', आणि पत्ता याच गावातला होता, अग्निशमन केंद्राच्या मागच्या गल्लीतला.

"आजोबा, तुम्ही दुकानात जाऊन पंच पाहून का नाही आलात?"

"मी गेलो तर माझ्या चेहऱ्यावरच दिसेल मला तो किती हवाय ते. भाव दुप्पट होईल. तुम्ही जा. खाच आहे का ते नीट बघून या, आणि माझं नाव काढू नका."

तिघं निघाली. भर दुपारची गल्ली सुनसान होती. दुकानाचं शटर खाली होतं आणि त्यावर पाटी लटकत होती: 'दुपारी एक ते चार बंद. शटर वाजवू नये. बेल वाजवू नये. हाका मारू नयेत.'

बेलकडे पाहताना बटणाचा जीव कासावीस झाला, पण शपथ होती. त्याने दोन्ही हात खिशात कोंबले.

तेवढ्यात शटरच्या आतून आवाज आला. घर्र... फुस्स. घर्र... फुस्स. आत कोणीतरी मनसोक्त घोरत होतं.

"आत वाघ आहे," बटण हळूच म्हणाला.

पंडित हसला. भिंगरी मात्र हसली नाही. तिने पाटी पुन्हा वाचली, वही उघडली, आणि एक ते चार या आकड्यांभोवती इतक्या जोरात गोल काढला की कागद फाटला.

"बटणा, तू आज पंडितपेक्षा हुशार आहेस," ती म्हणाली. समोरच्या झाडाखाली बसून तिघांनी चार वाजायची वाट पाहिली.

बरोबर चारला शटर खडखडत वर गेलं. आतून एक गोल गरगरीत, गालावर उशीच्या घड्या उमटलेले काका बाहेर डोकावले, मोठी जांभई दिली आणि परत आत गेले. मुलं पाठोपाठ आत शिरली. दुकान म्हणजे नुसता पसारा होता. भिंतभर घड्याळं, ट्रंका, किल्ल्या, कॅमेरे, चाकं नसलेल्या खेळण्यातल्या गाड्या. काउंटरवर दोन फोन होते, एक काळा आणि एक लाल कव्हरचा. काकांनी गिऱ्हाइकांकडे पाहायच्याही आधी लाल फोन उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, अंगठ्याने एकदा दाबलं आणि समाधानाने फोन खाली ठेवला.

"हं, काय हवंय? हात लावायचा नाही, बघायचं फक्त."

काचेच्या पेटीत पंच होता. ४१ आकडा होता. त्याने पाडलेल्या भोकाचा कागद शेजारी नमुना म्हणून ठेवला होता आणि चंद्राच्या पोटातली खाच अगदी स्पष्ट दिसत होती. भिंगरीला एकदम भरून आलं. इतकी लहानशी वस्तू, आणि आजोबा तिच्यासाठी रोज झुरत होते.

घरी येऊन पाहिलं तर वाघाचे बावीसशे आलेले होते. वेळ: चार वाजून एक मिनिट.

"म्हणजे काकाच वाघ आहेत," पंडित म्हणाला. "स्वतःच्याच वस्तूवर स्वतःच बोली लावतात, भाव चढवायला. मला पहिल्यापासून संशय होता."

"तुला परदेशाचा संशय होता," भिंगरी म्हणाली. "आणि हा अजून संशयच आहे. लाल फोनमध्ये वाघाचं नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आजोबांना सांगायचं नाही. नाहीतर ते तडक दुकानात जातील आणि काका कानांवर हात ठेवतील."

शुक्रवारी सकाळी बेत ठरला. पंडितने घरी आजोबांपाशी बसायचं आणि अकराच्या ठोक्याला त्यांना बोली लावायला सांगायची. भिंगरी आणि बटणाने दुकानात थांबायचं. ऐन वेळी काकांचे दोन्ही हात गुंतलेले असले पाहिजेत, एवढीच मुख्य गोष्ट होती.

"काका, ते सगळ्यात वरचं घड्याळ दाखवता का?" अकराला पाच कमी असताना भिंगरीने विचारलं.

"ते? भारी आहे ते. तुम्ही घेणार आहात का?"

"आमच्या आजीचा वाढदिवस आहे," भिंगरी म्हणाली. हे खरंच होतं, फक्त सात महिन्यांनी होता.

काका कुरकुरत स्टुलावर चढले. घड्याळ खिळ्यावरून निघालं, पण ते इतकं जड होतं की ते छातीशी दोन्ही हातांनी कवटाळून काका वरच अडकले. घड्याळामुळे पायाखालचं दिसेना, म्हणून उतरताही येईना. त्याच क्षणी घड्याळात अकराचे ठोके पडायला लागले, काकांच्या हनुवटीखालीच, आणि काउंटरवर लाल फोन 'टुण' वाजला.

काकांनी मान वेळावून फोनकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग पुन्हा फोनकडे. अकरावा ठोका पडेपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

"घड्याळ घेऊ का खाली?" भिंगरीने अदबीने विचारलं.

"नको, पाडशील. ए बाळ, तू जरा इकडे ये. तो लाल फोन उचल. त्यावर एक हिरवं बटण असेल बघ. ते दाब जरा."

बटणाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. आजवर जगातल्या झाडून सगळ्या मोठ्या माणसांनी त्याला बटण दाबू नको असंच सांगितलं होतं. त्याने फोन उचलला आणि डोळ्यांत पाणी आणून बहिणीकडे पाहिलं.

"पण माझी शपथ आहे."

भिंगरीने त्याच्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'नमस्कार, हौशी वाघ.' खाली कंडक्टर ४१ यांची तेवीसशेची बोली होती.

"शपथ सुटली," ती म्हणाली. "काका म्हणतायत तर दाब."

बटणाने दाबलं. पण तीन दिवसांचा उपास एका बटणाने कसा सुटणार? त्याने पुन्हा दाबलं. मग दोन्ही अंगठे लावले. टुण, टुण, टुण, टुण. प्रत्येक टुणला शंभर वाढत होते.

"एकदाच! अरे एकदाच म्हटलं होतं!" काका स्टुलावरून ओरडत होते. त्यांना हलता येत नव्हतं, आणि घड्याळाचा लंबक त्यांच्या पोटावर आपटत होता. भिंगरीने कसाबसा फोन काढून घेतला तेव्हा आकडा दिसत होता सत्तेचाळीसशे.

दोघंही घराकडे धावत सुटली. काम फत्ते झालं होतं, पण भिंगरीच्या डोक्यातून तो आकडा जाईना. सत्तेचाळीसशे म्हणजे आजोबांच्या मर्यादेच्या कितीतरी वर. वाघ पकडण्याच्या नादात आपण पंच कायमचा घालवला तर नाही ना, असं तिला वाटायला लागलं.

घरात शिरल्यावर ते जास्तच वाटलं. आजोबा खुर्चीत बसून होते. टॅबलेट पालथा पडला होता.

"गेला," ते म्हणाले. "हा कोणी मोठा असामी दिसतोय. त्याच्यापुढे आपण काय टिकणार?" त्यांचा अंगठा तेवढा हलत होता.

आजी पुस्तक ठेवून उठली, कपाटातून स्वतःचं पाकीट घेऊन आली आणि टेबलावर ठेवलं. "माझ्यातले घाला," ती म्हणाली. "मर्यादा मी घातली होती, मीच काढते. मला हा चेहरा बघवत नाही."

आजोबांनी टॅबलेट उलटा केला. बोट हिरव्या बटणावर गेलं.

"थांबा!" भिंगरी म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं. घोरणं, पाटी, वही, लाल फोन, घड्याळ, आणि शेवटी बटणाचा पराक्रम. पंडितने अधूनमधून "मी म्हणालोच होतो" अशी भर घातली.

आजोबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "असं काय? आत्ता जातो आणि—"

"आत्ता नका जाऊ. आज गेलात तर ते नाही म्हणतील. उद्या सहा वाजेपर्यंत काहीच करायचं नाही. बोली मागे घेता येत नाही ना? मग वाघाला स्वतःचाच पंच विकत घ्यावा लागेल, सत्तेचाळीसशेला. वर साइटवाल्यांची दलाली भरावी लागेल. दुसरं गिऱ्हाईक आहे कुठे? तुम्ही एकटेच."

"आणि तो दुसऱ्या कोणी घेतला तर? मी बोली लावली नाही आणि तो गेलाच तर?" आजोबांनी टॅबलेट पुन्हा जवळ ओढला. भिंगरीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिलाही खात्री नव्हती, पण तिने त्यांचा हात धरला.

"आजोबा, मागून रिकामी गाडी येतेय. तिने या."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात लाखो वेळा म्हटलं होतं आणि एकाही प्रवाशाने त्यावर विश्वास ठेवला नव्हता. ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते त्यांना आज कळलं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "थांबतो थांब्यावर."

शनिवारी संध्याकाळी पावणेसहापासून कोणी जागचं हललं नाही. आजोबा दोन्ही हातांवर बसले होते. बटणाने सहानुभूती म्हणून आपलेही हात खाली घेतले होते. पाच मिनिटं उरली. एक उरलं. सहा वाजले आणि पडद्यावर अक्षरं आली: 'लिलाव संपला. विजेते: हौशी वाघ.'

सव्वासहा झाले, साडेसहा झाले. पंडितने साइटचे नियम समजावून सांगायला सुरुवात केली आणि आजीने नुसतं पाहताच तो थांबला. भिंगरीला वहीची पानं दिसेनाशी झाली. आपण आजोबांना फार मोठी चूक करायला लावली, हे तिला आता नक्की वाटत होतं.

पावणेसातला फोन वाजला.

आजीने उचलला. "हॅलो, कोण बोलतंय? जुन्या वस्तूंचं भांडार? जरा थांबा, लाइन जोडते." आणि आजोबा दोन हातांच्या अंतरावर असूनही तिने समोरच्याला पूर्ण एक मिनिट थांबवून ठेवलं.

"कंडक्टरसाहेब," काकांचा आवाज मधात घोळलेला होता, "तुमचं नशीब थोर. पहिल्या गिऱ्हाइकाने ऐन वेळी माघार घेतली. तुमचा नंबर दुसरा. तुमच्या शेवटच्या बोलीला, तेवीसशेला, देऊन टाकतो."

"आलोच," आजोबा म्हणाले.

पाच जणांची फलटण दुकानात शिरली. आजोबांना पाहून काका हसले, आजीला पाहून वाकले, आणि बटणाला पाहताच एकदम दोन पावलं मागे गेले.

"हा... हा तुमचा?"

"आमचाच," आजोबा म्हणाले. "काय भिंगरी, वही काढ."

भिंगरीने काउंटरवर वही उघडून ठेवली आणि एकेक वेळ वाचून दाखवली. फाटलेल्या पानावर ती थांबली. "काका, तुमचा वाघ नेमका तुमच्याच वेळेला झोपतो आणि तुमच्याच वेळेला उठतो. त्याला घोरताना आम्ही ऐकलंय. आणि त्याचं नाव मी याच लाल फोनवर पाहिलंय."

काकांनी लाल फोन हळूच वर्तमानपत्राखाली सरकवला. तेवढ्यात तो तिथूनही 'टुण' वाजला.

"दलालीचा निरोप असेल," पंडित म्हणाला, आणि या वेळी त्याचं उत्तर बरोबर होतं.

"अहो, वस्तू पडून राहतात," काका शेवटी रडवेले होऊन म्हणाले. "कोणी विचारत नाही. म्हटलं, जरा ढकलू."

"बंद पडलेल्या गाडीला ढकलतात," आजोबा म्हणाले. "चालत्या गाडीला ढकललं की प्रवासी पडतात. सगळ्या यादीत खरा प्रवासी मी एकटा होतो आणि वाघ यायच्या आधी माझी बोली तीनशेची होती. हे तीनशे. आणि तो वाघ आजच्या आज साइटवरून उतरवायचा, शेवटचा थांबा आलाय म्हणून. नाहीतर ही वही साइटवाल्यांकडे जाईल."

काकांनी चष्मा पुसला, सगळ्यांसमोर वाघाचं खातं बंद केलं, काचेची पेटी उघडली आणि पंच काउंटरवर ठेवला. "तुझ्यासारखी हिशेबी मुलगी दुकानात हवी होती," ते भिंगरीला म्हणाले. "तू वाघाला दुपारी झोपू दिलं नसतंस."

आजोबांनी पंच हातात घेतला. अंगठा आपोआप जागेवर बसला. बराच वेळ त्यांनी तो नुसता धरून ठेवला, आणि आजीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी पोचेपर्यंत मात्र त्यांचं तोंड सुरू झालं होतं. "एकतीस वर्षांत असे प्रवासी मिळाले नाहीत मला," ते जो भेटेल त्याला सांगत होते. त्यांनी तिघांनाही तिकिटं दिली, पेपरच्या कडेची, अर्धचंद्र पाडलेली. मग किराणा यादीला भोक पडलं, मग विजेच्या बिलाला. दुसऱ्या कोणाच्या हातात पंच द्यायची वेळ आली तेव्हा पहिला मान मात्र त्यांनी बटणाला दिला. "दाब," ते म्हणाले, "कितीही वेळा." बटणाने अख्खी वही चाळणीसारखी करून ठेवली.

भिंगरी आजीच्या पुस्तकातलं पिवळं तिकीट नव्या भोकाशी जुळवून पाहत होती. चंद्र तोच. खाच तीच. मग तिने तिकीट दिव्यासमोर धरलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"आजोबा, हे तिकीट पहिल्या फेरीचं आहे. इथे छापलंय."

"असेल."

"पहिल्या फेरीला बस रिकामी असते, असं तुम्हीच सांगता. फक्त ड्रायव्हर आणि तुम्ही."

आजोबांना अचानक पंचाला तेल घालायचं आठवलं.

"मग गर्दी कसली होती?" भिंगरीने विचारलं. "आणि चौथा थांबा सोडून भोक नेमकं शेवटच्या थांब्याला कसं पडलं?"

आजीने पुस्तक मिटलं. तिने तिकीट हातात घेतलं, नीट वाचलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

"काय हो," ती तिच्या सगळ्यात गोड आवाजात म्हणाली, "चूक म्हणत होता ना तुम्ही?"

आजोबांचे कान लाल झाले. त्यांनी पंच खिशात टाकला, घसा साफ केला आणि म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका, जेवायची वेळ झाली."